मणक्यातल्या डागाला 'फॅट' किती लागली?

डेअरीत दूध घातले की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "फॅट किती लागली?" मणक्याच्या दुखण्यातही डॉक्टर हाच प्रश्न विचारतात, असे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही. पण तसे आहे खरे.

आमच्या गटातले साठी ओलांडलेले एक शेतकरी. खताचे पोते उचलताना कमरेत कळ आली. उसण भरली म्हणून महिनाभर चोळून-शेकून काढला. शेवटी जिल्ह्याला एमआरआय केला. रिपोर्टात 'मणक्यात डाग' एवढेच वाचले आणि घरात चूल पेटली नाही. कॅन्सरच, असे ज्याने त्याने ठरवून टाकले. मुलगा तर बैलजोडी विकायला निघाला. डॉक्टर म्हणाले, "थांबा, आधी डागातली चरबी मोजू."

आता ही भानगड काय, ते पाहू. मणक्याचे हाड आतून जाळीसारखे असते. जाळीत मगज असतो. त्यात रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात, तशी चरबीही असते. कॅन्सरच्या पेशी शिरल्या की हरळीने पीक हुसकावे तशी त्या चरबी हुसकावतात. उलट, हाड ठिसूळ होऊन मणका दबला तर सूज येते, पण मधली चरबी बरीचशी टिकून राहते.

एमआरआय यंत्र चुंबकाच्या जोरावर पाण्याचे व चरबीचे संकेत टिपते. दोघांची लय किंचित वेगळी असते. म्हणून दोन फोटो घेतात. एकात दोन्ही संकेतांची बेरीज होते, दुसऱ्यात वजाबाकी. डागात पाणी आणि चरबी दोन्ही असतील तर दुसऱ्या फोटोत तो काळवंडतो. उजळपणा साधारण २० टक्क्यांहून जास्त घटला तर डाग साधा असण्याची शक्यता मोठी. फारसा घटलाच नाही तर संशय घ्यायचा. यंत्राप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो. थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये ही दोन फोटोंची रीत मांडली. काम काही मिनिटांचे, इंजेक्शनही लागत नाही.

मात्र नुसत्या फॅटवरून दुधाची सगळी पारख होत नाही, तसेच इथेही आहे. मणक्याचा क्षयसुद्धा चरबी हटवतो. जुन्या रक्तक्षयातही मगजातली चरबी कमी होऊ शकते. म्हणून आकडा वाईट आला म्हणजे कॅन्सरच, असे नव्हे. सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. क्षय निघाला तर तो औषधांनी बरा होतो.

शेतकरी बंधूंनो, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, बारीक ताप असेल तर मालीश बंद करा आणि दवाखाना गाठा. पायातली शक्ती गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी गाठा. पेसमेकर बसवला असेल किंवा वेल्डिंग-ग्राइंडिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर एमआरआयच्या आधी जरूर सांगा. कॅन्सरचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. सरपंचांनी ही माहिती ग्रामसभेत द्यावी.

त्या शेतकऱ्याच्या डागात चरबी शाबूत होती. पुढच्या तपासण्यांतही हाडाचा ठिसूळपणाच निघाला. औषध चालू आहे, पोती मुलगा उचलतो. बैलजोडी अजून दावणीलाच आहे.