विकास अभ्यास: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आंतरराष्ट्रीय विकास हा विषय म्हणजे पदवी घेऊन केलेली समाजसेवा, असा समज बराच रूढ आहे. व्यक्ती, कुटुंब आणि वस्ती यांच्यासोबत प्रत्यक्ष काम कसे करावे, हे समाजकार्याच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. काही देश आणि काही माणसे गरीब का राहिली, आणि ती गरीब आहेत हे ठरवायचे कशावरून, हा मात्र विकास अभ्यासाचा प्रश्न आहे. त्यामुळे त्यात अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र येतात. आकडेमोड चुकवण्यासाठी इकडे वळणाऱ्याची लवकरच निराशा होते.

हा विषय पाश्चात्त्य विद्यापीठांची निर्मिती आहे, हे अर्धेच खरे. स्वतंत्र शाखा म्हणून तो दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. हेगची सामाजिक अध्ययन संस्था १९५२ ची, ससेक्सची विकास अध्ययन संस्था १९६६ ची. पण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकातच ब्रिटिश हिंदुस्थानातील माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचा हिशेब मांडला होता. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकारच त्याहून जास्त खर्च करते, हे त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखवले. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अंदाज बांधताना रोज २,२५० उष्मांकांचे अन्न परवडणे ही कसोटी धरली. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिला उतरत नव्हते.

दारिद्र्यरेषेबद्दलचा गोंधळ आजही कायम आहे. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा माणशी रोज ३ डॉलर आहे. तिला बाजारातील विनिमय दराने गुणून ‘म्हणजे अडीचशे रुपये’ असे सर्रास सांगितले जाते. पण हे डॉलर क्रयशक्तीच्या समतेने मोजलेले असतात. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढे येते तेवढे भारतात घ्यायला २०२१ च्या किमतींनुसार साठ-पासष्ट रुपये लागत. रेषा कायमचीही नसते. जून २०२५ मध्ये ती २.१५ वरून ३ डॉलरवर नेली गेली आणि जगातील अतिगरिबांची संख्या कागदावर काही कोटींनी वाढली. कोणाच्या ताटात मात्र त्या दिवशी फरक पडला नव्हता.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज गरिबी आणि विषमता एकच मानण्याचा. चीनमध्ये १९८० नंतर कोट्यवधी लोक दारिद्र्यातून वर आले आणि त्याच काळात देशांतर्गत विषमता वाढली. विषमता गिनी गुणांकाने मोजतात: सर्वांचे उत्पन्न समान असेल तर शून्य, सगळे एकाच्याच हाती असेल तर १. पण गुणांक कशाचा काढला, हे आधी विचारावे लागते. जागतिक बँकेच्या आकडेवारीत २०२२-२३ साठी भारताचा गुणांक सुमारे ०.२५ आला आणि जुलै २०२५ मध्ये भारत जगातील चौथा सर्वाधिक समान देश असल्याचा गाजावाजा झाला. तो गुणांक खर्चाचा होता. अनेक देशांचा उत्पन्नाचा असतो, आणि श्रीमंत माणूस उत्पन्नातला मोठा हिस्सा खर्च न करता गुंतवतो, म्हणून खर्चातली विषमता कमी दिसते. शिवाय घरोघरच्या पाहणीत उच्चभ्रू सोसायटीच्या फाटकावरूनच पाहणी करणाऱ्याला परत पाठवले जाते, त्यामुळे वरचा थर निसटतो. करविवरणपत्रांचा आधार घेणाऱ्या जागतिक विषमता डेटाबेसमध्ये भारताचा उत्पन्नाचा गुणांक ०.६ च्या वर आहे. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बसतात. शेजारी ठेवून तुलना करणे ही चूक.

श्रीमंत देश गरीब देशांना भरमसाट मदत करतात, ही समजूतही आकड्यांपुढे टिकत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवले. २०२३ मध्ये देणगीदार देशांची सरासरी ०.३७ टक्के होती. परदेशी राबणारे मजूर, परिचारिका आणि अभियंते घरी पाठवतात ती रक्कम सरकारी मदतीच्या दुपटीहून अधिक भरते.

शिक्षणासाठी परदेशच गाठावा लागतो असे नाही. मुंबईत देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था येथे हे विषय शिकता येतात. पदवीनंतर स्वयंसेवी संस्थेतच जावे लागते, हेही खरे नाही. सरकारी नियोजन विभाग, पाहणी करणाऱ्या संस्था, वृत्तपत्रे, संशोधन आणि कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग या सर्वांना अशी माणसे लागतात; २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून तर अधिकच.