हर्नियाच्या ऑपरेशननंतर पायी वारी?

अनसिंगच्या बाजारात परवा एक काका भेटले. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, तरी मनात शेगावहून पंढरपूर. गजानन महाराजांची पालखी आपल्या वाशिम जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोडवरून जाते. एकूण वाट सातशे किलोमीटरच्या वर, महिनाभराची.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि चालणं ही माझी आवडही. काकांना सांगितलं ते इथे लिहितो.

ऑपरेशननंतर पडून राहू नका. थोडं थोडं चालल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो.

खरी अडचण वजनाची. पोटाच्या भिंतीला भरून यायला वेळ लागतो, म्हणून साधारण सहा आठवडे जड उचलणं टाळतात. नेमकी मुदत तुमचे सर्जनच सांगतील. पिशवी दिंडीच्या गाडीत द्या.

अंतर हळूहळू वाढवा. एक दिवस वीस किलोमीटर जमणं वेगळं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढंच चालणं वेगळं. सराव त्याचाच करा.

जखमेतून पाणी, ताप, फुगवटा किंवा एका पोटरीला सूज दिसली, तर लगेच डॉक्टर गाठा. धाप लागली तर थेट दवाखाना.

यंदा जमलं नाही, तर रिसोडपासून एक टप्पा चाला.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा, ऑपरेशन कोणतं आणि कधी झालं तेही सांगा.