साठ रोपे, साठ लोंब्या

भाताचे जुने वाण राखायचे म्हणजे मूठभर चांगले बी डब्यात भरून ठेवायचे आणि दरवर्षी पेरायचे, अशी आपली समजूत असते. माझीही होती. खालापूर तालुक्यातल्या ओळखीच्या एका आजींनी मला ओंजळभर झिनी दिली होती. त्यांच्या घरात ती किती पिढ्या चालत आली होती, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. मी ती परसात लावली. पहिल्या वर्षी रोपे एकसारखी नव्हती. काहींच्या दाण्यांना कुसळे होती, काहींची टरफले जांभळट होती, काही रोपे आठवडाभर आधीच निसवली. त्यातल्या दोन सर्वांत भरघोस लोंब्यांचे बी मी धरले. पुढची तीन वर्षे हेच केले. चौथ्या वर्षी सगळा वाफा एका उंचीचा, एका रंगाचा दिसू लागला. मला बरे वाटले, आणि मग चूक लक्षात आली. बी मागायला पुन्हा आजींकडे गेलो, तोवर त्यांची जमीन विकली गेली होती. घरात भाताची कणगी उरली नव्हती. माझ्या डब्यावर नाव झिनीचेच होते. आत मात्र आजींच्या झिनीचा एक लहानसा तुकडा होता.

हे का झाले, ते समजण्यासाठी भाताचे फूल पाहायला हवे. भात निसवल्यावर सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास भिंग घेऊन वाफ्याजवळ बसावे. टरफलाचे दोन भाग किंचित उघडतात आणि सहा परागकोश बाहेर डोकावतात. ते फुटतात तेव्हा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. तासाभरात फूल मिटते. बाहेर उडालेले परागकण काही मिनिटांतच निकामी होतात. त्यामुळे भातात परपरागण फार थोडे, बहुधा शेकडा एकाच्याही आत असते. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत तीन मीटर अंतर पुरेसे मानतात, ते याचमुळे. नाचणीचेही असेच आहे. बाजरीत मात्र परपरागण होते. तिचे दोन वाण वेगळे राखायला शेकडो मीटर अंतर लागते, म्हणून ते परसातले काम नव्हे.

स्वपरागणामुळे भात घरी राखणे सोपे होते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की एका लोंबीतले शंभर-सव्वाशे दाणे म्हणजे जवळजवळ एकाच वंशाच्या शंभर-सव्वाशे प्रती. देशी वाण हा असा एक वंश नसतो. ती अनेक वंशांची मिसळ असते. ती सारी एकत्र पिकते, एकत्र मळली जाते, पुन्हा एकत्र पेरली जाते. मी दोन लोंब्या निवडल्या, तेव्हा दोनच वंश निवडले.

असे निवडणे हे एक शास्त्रही आहे. डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी घेवड्यावर प्रयोग करून १९०३ साली शुद्ध वंशाची कल्पना मांडली. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ साली सुरू झाले. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र आहे. स्थानिक कोळंब्यातून एकेक रोप निवडून त्याची संतती वेगळी वाढवली गेली, आणि कोळंबा १८४ सारखे क्रमांकाचे वाण निघाले. पुढे तैवानच्या बुटक्या भाताशी अशाच एका कोळंब्याचा संकर करून कर्जत १८४ तयार झाला. उंच देशी भात खत दिले की आडवे पडते. बुटके उभे राहते. उत्पन्न वाढले, आणि ते वाढणे गरजेचेच होते. फरक एवढाच, की संशोधकाला एकसारखेपणा हवा असतो आणि तो निवड करतो तेव्हा मूळ मिसळ शेतकऱ्याच्या खाचरात शिल्लक असते. आज शेतघरे, कारखाने आणि वसाहती वाढत असताना तसे गृहीत धरता येत नाही.

मिसळ का राखायची? कारण उद्या कोणता गुण लागेल, हे आज ठाऊक नसते. भाताच्या 'ग्रासी स्टंट' या विषाणुरोगाला प्रतिकार करणारे वाण शोधताना फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हजारो नमुने तपासले. उपयोगी गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या, एरवी तण मानल्या जाणाऱ्या एका रानटी भातात. १९७६ साली प्रसारित झालेल्या आय.आर. ३६ मध्ये तो आहे. त्या भाताच्या दिसण्यावरून कोणी त्याचे बी धरले नसते.

मग परसात किती रोपे हवीत? हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येते. समजा, एखादा गुण शंभरात पाच रोपांत आहे. एक रोप घेतले तर तो गुण हुकण्याची शक्यता ०.९५. दहा रोपे घेतली तर ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. वीस रोपांना ०.३६. साठ रोपांना मात्र ०.०५ पेक्षा कमी. म्हणून साठ रोपे लावावीत आणि प्रत्येकाची एकच लोंबी बियाण्यासाठी घ्यावी. पाच रोपांच्या साठ लोंब्या घेतल्या तर डबा तेवढाच भरेल, पण आत वंश पाचच असतील.

जागा फार लागत नाही. दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर धरले, तर साठ रोपांना दोन चौरस मीटरही लागत नाहीत. जूनच्या सुरुवातीला छोट्या वाफ्यात शेणखत मिसळून बी पेरावे. राब भाजण्याची गरज नाही. तण हाताने काढता येते. तीन आठवड्यांनी लावणी करावी. शेतात एका चुडात दोन-तीन रोपे असतात, इथे एकेकच लावावे, म्हणजे मोजणी चुकत नाही. रासायनिक खत देऊ नये आणि उंच रोपांना काठीचा आधार द्यावा. दाणा दुधात आला की वर जाळी टाकावी, नाहीतर चिमण्याच निवड करतील.

कापणीत आणखी एक चकवा आहे. सगळा वाफा एकाच दिवशी कापला, तर उशिरा पिकणारी रोपे कच्ची राहतात आणि त्यांचे बी पुढे जात नाही. म्हणून फुलोऱ्यानंतर महिनाभराने, जसजशी पिकेल तसतशी लोंबी काढावी.

गरव्या जुन्या वाणांत वेळेचा एक छान प्रयोग करता येतो. कर्जतला जूनअखेरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरचा अकरा तासांचा असतो. कित्येक गरवे वाण दिवस पुरेसा लहान होईपर्यंत निसवत नाहीत. १ जून, २० जून आणि १० जुलै अशी तीन वेळा पेरणी करावी. तिन्ही एकाच सुमारास निसवली, तर रोप दिवस मोजते. सुमारे चाळीस दिवसांचे अंतर तसेच राहिले, तर ते स्वतःचे वय मोजते. भिवपुरीच्या वीजगृहातून येणाऱ्या पाण्यावर कर्जत भागात उन्हाळी भात होते. तिथे दिवस मोजणारे वाण का चालले नसतील, याचे उत्तर विद्यार्थी या नोंदींवरून स्वतःच देतील.

बी नीट वाळवणे हे शेवटचे काम. ओलावा एक टक्क्याने उतरला की बियाचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. कोकणच्या दमट हवेत तो पुन्हा ओल धरतो, म्हणून घट्ट झाकणाची बरणी घ्यावी आणि तव्यावर भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी आत ठेवावी. पेरणीआधी मे महिन्यात शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे. कापणीनंतर लगेच ही चाचणी घेऊ नये. ताजे बी काही आठवडे झोपलेले असू शकते.

एका शाळेने एकच वाण धरावा आणि अर्धे बी शेजारच्या शाळेकडे ठेवायला द्यावे. एकीकडचे गेले तर दुसरीकडचे उरेल. बरणीवरच्या चिठ्ठीवर वाणाचे नाव, गाव आणि वर्ष आपण लिहितोच. त्याखाली आणखी एक आकडा लिहावा: हे बी किती रोपांचे आहे. माझ्या डब्यावर तो लिहिला असता, तर पहिल्याच वर्षी 'दोन' हा आकडा मला दिसला असता.