काचपट्टीवरचा समाज

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आज कलिन्याला आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडहून येणारी मुलं तिथे मार्क्स, दुर्खीम, वेबर शिकतात. ‘या जुन्या युरोपीय विचारांचा आम्हाला काय उपयोग?’ असा प्रश्न वर्गात हमखास येतो. मला त्याचं उत्तर मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टांच्या कामात सापडतं.

मुळात समाजशास्त्र आणि विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) ही दोन शास्त्रं शेजारीच वाढली. 1848 साली सिलेशियात टायफसची साथ आली, तेव्हा तरुण जर्मन डॉक्टर रूडोल्फ फिरखोने आपल्या अहवालात शिक्षण, लोकशाही आणि रस्त्यांची मागणी केली. पुढे पेशींच्या विकृतिशास्त्राचा पाया घातला तो यानेच. प्रकृत आणि विकृत हा भेद दुर्खीमने 1895 साली समाजाला लावला. दोन वर्षांनी आत्महत्येसारखी अगदी खासगी घटनाही त्याने धर्म आणि कुटुंब यांच्याशी ताडून पाहिली.

मुंबईत 1919 साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला. 1924 पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाढवला. केंब्रिजमधले त्यांचे गुरू रिव्हर्स स्वतः डॉक्टर होते.

याच शहरात डॉ. वसंत रामजी खानोलकर विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1941 साली परळला टाटा रुग्णालय उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. गाठीचा तुकडा तपासून ते थांबले नाहीत. माणूस काय नेसतो, काय चघळतो, विडी-चिरूट कसा ओढतो, हेही त्यांनी विचारलं. 1945 साली त्यांनी राहणीतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तीन प्रकार मांडले: कंबरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने होणारा, ओठाआड ठेवलेल्या तंबाखू-चुन्याने होणारा आणि चिरुटाचं जळतं टोक तोंडात धरून ओढल्याने होणारा. रीतिरिवाज शरीरावर कसे उमटतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. 1960 ते 1963 या काळात हेच खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

1963 सालीच मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तोवर मुलुंड-दहिसरपर्यंतची उपनगरं बृहन्मुंबईत आली होती, त्यामुळे तिथले रुग्णही मोजले जाऊ लागले. एकेका रुग्णाच्या रिपोर्टातून अख्ख्या शहराचं चित्र उभं राहू लागलं. दुर्खीमची रीत हीच होती.

समाज शरीरावर उमटतो, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा जुलै 2020 मध्ये मिळाला. दहिसरचा आर-उत्तर, चेंबूरचा एम-पश्चिम आणि माटुंग्याचा एफ-उत्तर या तीन वॉर्डांत 6,936 जणांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं शोधली गेली. झोपडपट्टीत ती 57 टक्के लोकांत आढळली, इतर वस्तीत 16 टक्क्यांत. विषाणू एकच, वॉर्डही तेच. फरक होता तो दाटीचा आणि सामायिक संडासांचा. वर्ग म्हणजे काय, हे त्या रक्ताच्या नळ्यांनी सांगितलं.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: दुर्खीम वाचाल तेव्हा कर्करोग नोंदणीचा एखादा अहवालही शेजारी ठेवा. आणि गल्लोगल्लीच्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टांनो, रुग्णाच्या फॉर्मवर नाव, वय, लिंग यांच्याखाली आणखी दोन ओळी घाला: काम काय करता आणि राहता कसे.