कोंपराची विश्रांति

आमच्या वरूडकडे संत्र्याचा बहार धरण्यापूर्वीं झाडांस ताण देतात, म्हणजे कांहीं काळ त्यांचें पाणी तोडतात. नवख्यास तें निर्दयपणाचें वाटतें. परंतु त्या विसाव्यावांचून झाड भरून फुलत नाहीं. नागपुरच्या क्रिकेटच्या मैदानानेंही हेंच शिकविलें आहे.

सन २००४ मध्यें सचिन तेंडुलकर यांचें डावें कोंपर दुखावलें. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने हुकले. ऑक्टोबरांत ते नागपुरास खेळले. पण भारत ३४२ धावांनीं हरला, मालिकाही गेली. दुखणें मात्र संपलें नव्हतें. मे २००५ मध्यें लंडनला शस्त्रक्रिया झाली.

ग्रेग चॅपेल हे त्याच सुमारास प्रशिक्षक झाले होते आणि संघाची घडी नव्यानें बसत होती. तेंडुलकरांवांचून संघानें श्रीलंका व झिंबाब्वे येथील दोन्ही तिरंगी स्पर्धांचे अंतिम सामने गमावले. तरीही कोंपरास पुरता अवधि मिळाला. २५ ऑक्टोबर २००५ रोजीं त्याच नागपुरांत ते श्रीलंकेविरुद्ध परतले व त्यांनीं ९३ धावा केल्या. भारत १५२ धावांनीं जिंकला.

घरांतील मुलानें कोंपर दुखतें म्हटल्यास ‘सामना तेवढा खेळून घे’ असें वडीलधाऱ्यांनीं म्हणूं नये. एक सामना हुकला तरी चालेल. हात मात्र जन्माचा सोबती आहे.