सतरा अंकी आकड्याचा बायोडाटा

१२३४५६७८९८७६५४३२१. बघताक्षणी वाटतं, कुणीतरी टाइमपास म्हणून कीबोर्डवर बोट फिरवलंय. पण या आकड्याचा बायोडाटा भारी आहे.

पहिलं, तो उलटसुलट सारखाच वाचता येतो. दुसरं, तो पूर्ण वर्ग आहे: नऊ वेळा १ लिहा, म्हणजे १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणा. तिसरं, त्याच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने त्याला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला म्हणतात 'हर्षद संख्या'. चौथं, त्याचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतात. त्यामुळे एकूण विभाजक होतात ४५. आता ४५ चा वर्ग करा: २०२५. मधोमध तोडा: २० + २५ = ४५! अशा संख्येचं नाव 'कापरेकर संख्या'.

हे कापरेकर कोण? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. नोकरी? नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत मास्तर, १९३० ते १९६२. पीएचडी नाही, लॅब नाही. 'हर्षद' हे नाव त्यांनीच दिलं. आपल्या सतरा अंकी आकड्याच्या घराण्याला (१, १२१, १२३२१...) त्यांनी नाव दिलं 'डेमलो', कारण ती कल्पना त्यांना सुचली मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेमलो स्टेशनवर, जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर. आपलं पाटस स्टेशनही त्याच जुन्या रेल्वेचं!

पण त्या काळी 'हा नुसता आकड्यांचा खेळ' म्हणून अनेक जाणकारांनी त्यांना बाजूला ठेवलं. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं ते मार्च १९७५ मध्ये. तेव्हा सर सत्तरीत होते आणि रिटायर होऊन तेरा वर्षं झाली होती.

गावाकडच्या कॉलेजात शिकताना आपल्यालाही वाटतं, 'खरं गणित' मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतच होतं. सरांचं सगळं भांडवल मात्र कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढंच होतं.

पुढच्या वेळी गाडी लेट झाली की एक करा. सगळे अंक सारखे नसतील असा कोणताही चार अंकी आकडा घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेला आकडा वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच (तीनच अंक उरले तर पुढे शून्य धरा). जास्तीत जास्त सात वेळांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथेच अडकता. हा 'कापरेकर स्थिरांक' सरांना १९४९ मध्ये सापडला. सुरुवात १९०५ पासून करून बघा, त्यांच्याच जन्मवर्षापासून. पूर्ण सात पायऱ्या लागतात!