टाकळीच्या संगमावर कोण तगलं?

पुढचा सिंहस्थ तोंडावर आला तसं नाशकात पुन्हा कानावर येऊ लागलं आहे: नदी जुळवून घेते, जीव जुळवून घेतात. हे वाक्य मला झोंबतं.

दाखला खाडीचा देतात. तो खराच आहे. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतं, चिखलातून श्वासमुळं वर काढतं. निवटी ओहोटीला उघड्या चिखलावर ओल्या कातडीतून श्वास घेते. पण भरती-ओहोटी ठरल्या वेळी येते, लाखो वर्षं येत आली आहे. अंगवळणी पडायला तिथल्या जिवांना अगणित पिढ्या मिळाल्या. नाशकातल्या द्वारका चौकाजवळून जाणाऱ्या नासर्डी नदीतल्या जिवांना किती मिळाल्या?

1982 साली महानगरपालिका झाली. त्याआधीचं मला फारसं आठवत नाही. मी जवळून पाहिली ती 1991 आणि 2003 या दोन सिंहस्थांमधली वर्षं. मुंबई-आग्रा आणि पुणे रस्त्यांच्या द्वारकेच्या तिठ्याभोवती वस्ती दाटत गेली, सातपूरच्या कारखान्यांकडून येणारी नासर्डी काळवंडत गेली. टाकळीला ती गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी याच संगमात उभं राहून बारा वर्षं जप केला आणि मासे त्यांचे पाय कुरतडत, असं सांगतात. तितक्याच काळात माझ्या डोळ्यांदेखत तिथले मासे दिसेनासे झाले.

तगलं कोण? पिल्लं तोंडात सांभाळणारी, मूळची आफ्रिकेची चिलापी. पृष्ठभागावर येऊन हवा गिळणारा मागूर. रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे प्राणवायू अगदी कमी असलेल्या गाळातही जगणाऱ्या लाल अळ्या. आणि सांडपाण्यावर पोसणारी पाणवेल. महाशीरसारख्या वाहतं, स्वच्छ पाणी लागणाऱ्या माशाने जुळवून घेतलं नाही, तो गेला. उरलेल्यांकडे बोट दाखवून नदी सावरली म्हणणं हा गेलेल्यांवर अन्याय आहे.

खाली गोदावरी-कादवा संगमाजवळच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यात गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली. पाणकोंबड्या, चमचे, कमळपक्षी तिथे नांदू लागले. 2020 मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली, याचा मलाही अभिमान आहे. पण शहराची घाण घेऊन नदी तिथेच पोचते, आणि पाणवेल पाणी झाकून टाकते तेव्हा पाणपक्ष्यांना पोहायला, बुडी मारायला जागा उरत नाही.

आताच्या कामांच्या चर्चांत घाट, रस्ते, पूल ऐकू येतात. मासे जिथे अंडी घालतात त्या नदीतळाच्या खडीबद्दल मी अजून एकही शब्द ऐकलेला नाही.